रोज बॅकअप होत होता, आता त्यातून काहीच निघत नाही (घरचा नेक्स्टक्लाऊड सर्व्हर)

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ११:४२

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून नमन न घालता सांगतो.

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात नाट्यमंडळ आहे. पन्नासेक वर्षांतली हस्तपत्रकं, फोटो, संहितांचे स्कॅन, व्हीएचएसवरून उतरवलेली नाटकं, सगळं मिळून साधारण ६०० जीबी. तीन वर्षांपूर्वी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर नेक्स्टक्लाऊड (म्हणजे घरच्या घरी गुगल ड्राइव्ह) बसवलं. सिस्टिम आणि डेटाबेस छोट्या एसएसडीवर, फायली २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. हळूहळू देवळाचे लोकही त्यात आले. श्रावणातल्या भजनी सप्ताहात कोणत्या वाड्याने कोणत्या प्रहराला उभं राहायचं, पखवाजाला कोण, पेटीला कोण, ते सगळं त्याच्याच कॅलेंडरात.

शुक्रवारी रात्री गडगडाट. वीज तीनदा गेली आणि आली. चौथ्यांदा आली तेव्हा एसएसडी बायोसमध्येसुद्धा दिसेना.

घाबरलो नाही, कारण माझी स्क्रिप्ट होती! रोज पहाटे ३ वाजता फायली आरसिंकने (नक्कल करणारं साधन) यूएसबी डिस्कवर, सेटिंगचं फोल्डर तिथेच, आणि डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदींची एका फाईलीतली नक्कल) जीझिपने दाबून शेजारी. ३० दिवसांपेक्षा जुने डम्प आपोआप उडतात. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो, फोल्डर उघडलं. ३० फायली. प्रत्येक फाईल २० बाइट. केबी नव्हे हो, बाइट.

फायली शाबूत, डेटाबेस गेला. सप्ताह तीन आठवड्यांवर. काय करू?

आणि दुसरा प्रश्न, जरा लाजत विचारतो: तुम्ही लोक रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून सगळं परत उभं करणं, कधी करून बघता का?

---

आडसर | सोमवार, रात्री ११:५८

२० बाइट हे रिकाम्या जीझिप फाईलचं वजन. आत काही नाही, नुसतं डब्याचं वजन. सहाशे बाइटची पुंजी जमवलीस की रे तू!

(हसतोय, पण माझेही तपासायला उठलोय.)

---

सुशेगाद_सर्व्हर | मंगळवार, सकाळी ७:१०

तिसरी_घंटा, आधी एक सांग. मारियाडीबी, म्हणजे तुझा डेटाबेस, डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) आहे का, आणि त्याचा मोठा अपडेट कधी केलास?

---

तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी ७:३१

डॉकरच. डिसेंबरात १० वरून ११ वर नेला. नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी.

---

सुशेगाद_सर्व्हर | मंगळवार, सकाळी ८:०५

सापडलं मग. मारियाडीबीच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये ११ पासून 'मायएसक्यूएल-डम्प' या नावाची आज्ञाच नाही. तिचं नाव 'मारियाडीबी-डम्प'. तुझी स्क्रिप्ट रोज पहाटे जुन्या नावाने हाक मारत होती, आतून 'असं कोणी इथे राहत नाही' असं उत्तर येत होतं. ते उत्तर क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा) तुला मेल करू पाहत होता. मशीनवर मेलची सोय नाही, म्हणून त्याने ते फेकून दिलं. लॉगमध्ये 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट' अशी ओळ असणार. लॉग मात्र मेलेल्या एसएसडीवरच.

पाइपने जोडलेल्या, म्हणजे एकीचं उत्तर दुसरीला देणाऱ्या आज्ञांत बॅश (स्क्रिप्ट वाचणारा) फक्त शेवटच्या आज्ञेचा निकाल धरतो. डम्प मेला, पण जीझिपने मिळालेली हवा इमानेइतबारे बांधून दिली आणि 'काम फत्ते' म्हणून शून्य परत केला. पुढे तुझ्या ३० दिवसांच्या नियमाने जानेवारीतच शेवटचा चांगला डम्पही उडवला.

आता महत्त्वाचं. नवा सर्व्हर सुरू करू नकोस. ऑफिसला निघालोय, संध्याकाळी लिहितो.

---

काजूबी | मंगळवार, सकाळी ९:२०

एवढ्या कटकटीपेक्षा महिन्याचे पैसे भरून गुगल ड्राइव्ह घ्यावं माणसाने. वाळपईत आमच्याकडे पावसात दोन दोन दिवस वीज नसते, घरात सर्व्हर ठेवणं म्हणजे हौसच.

---

पणजेकर_२ | मंगळवार, सकाळी ९:४४

काजूबी, नळ आला म्हणून विहीर बुजवली का तुम्ही? दोन्ही असू दे की.

मोठ्यांकडे आगी लागत नाहीत असंही नाही. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाऊड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून खाक झालं. काही गिऱ्हाइकांचे बॅकअप त्याच आवारात होते, ते मूळ डेटासोबत गेले. नारळ कुठे ठेवलेत हा प्रश्न नाही, सगळे एकाच माळ्यावर ठेवलेत का हा आहे.

---

काजूबी | मंगळवार, सकाळी ९:५०

विहिरीला स्क्रिप्ट लागत नाही :)

---

आडसर | मंगळवार, सकाळी १०:०२

पंप लागतो. आणि तोही पावसात जळतो.

---

मावशीचा_पासवर्ड | मंगळवार, दुपारी १:१५

सुशेगाद दादा नवा सर्व्हर सुरू करू नकोस का म्हणाले त्याचा अंदाज आहे, कारण आमच्या ऑफिसात हे घडलंय. जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

सर्व्हर पडला, तीन दिवसांपूर्वीचा बॅकअप होता, सोमवारी सकाळी मी तो चढवला. फार अभिमान वाटला. दहा वाजता सगळ्यांनी लॅपटॉप उघडले. लॅपटॉपवर शुक्रवार-शनिवारच्या नव्या फायली होत्या, सर्व्हरवर नव्हत्या. सिंकवाल्या प्रोग्रामने काय समजावं? 'सर्व्हरवर या कोणीतरी पुसल्या वाटतं.' आणि त्याने आज्ञाधारकपणे लॅपटॉपवरूनही पुसल्या. तेरा लॅपटॉपवरून.

यासाठी नेक्स्टक्लाऊडमध्ये एक आज्ञा आहे, ओसीसीची (नेक्स्टक्लाऊडला आज्ञा द्यायचं साधन) 'मेंटेनन्स:डेटा-फिंगरप्रिंट'. रिस्टोअर झाला की, कोणी जोडलं जायच्या आधी चालवायची. मग लॅपटॉपवर 'बॅकअप डिटेक्टेड' अशी खिडकी उघडते आणि स्थानिक फायली कॉन्फ्लिक्ट म्हणून राखू का असं विचारते. मला हे दुपारी दोनला कळलं.

---

ठाण्याची_सून | मंगळवार, दुपारी १:४०

तेरा लॅपटॉप... बाई गं.

---

सुशेगाद_सर्व्हर | मंगळवार, रात्री ९:३०

ताईंनी लाख मोलाचं सांगितलं. आता तुझ्यासाठी.

फायली परत येतील. नेक्स्टक्लाऊडची तीच आवृत्ती बसव. जुन्या सेटिंग फाईलमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो, तो बघ. 'लेटेस्ट' लिहून मोकळा होऊ नकोस. फायली जागेवर ठेव, मालकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाची कर, 'फाइल्स:स्कॅन --ऑल' चालव. फायली दिसायला लागतील. कोणाला काय शेअर केलं होतं, टॅग, आवडत्या फायलींचे तारे हे सगळं डेटाबेसात होतं, ते गेलं. रडून घे.

कॅलेंडर आणि फोन नंबरांचं वेगळं. ते फाईल म्हणून डिस्कवर कुठेच नसतात, फक्त डेटाबेसात. म्हणजे तुझा सप्ताह आत्ता तुझ्या घरात नाहीच. पण कोणाच्या तरी फोनमध्ये असेल! कोणी अँड्रॉइडवर डेव्हएक्स५ हे अ‍ॅप वापरून कॅलेंडर जोडलं होतं का?

जोडलं असेल तर तो फोन आधी एअरप्लेन मोडवर टाक. तू त्याच पत्त्यावर, त्याच नावाने, त्याच पासवर्डने नवा सर्व्हर उभा केलास की फोन बिनबोभाट आत शिरेल, कॅलेंडर रिकामं बघेल आणि स्वतःचंही रिकामं करेल. ताईंच्या तेरा लॅपटॉपसारखंच.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ९:४१

देवळाच्या कमिटीतले एक काका आहेत, ७४ वर्षांचे. त्यांना मीच जोडून दिलं होतं, 'मला कागद दिसत नाही, फोन वाजला पाहिजे' म्हणून हट्ट धरला होता. वायफाय त्यांच्याकडे आहे.

निघालो. रेनकोट घालतोय.

---

आडसर | मंगळवार, रात्री ९:४४

रात्री पावणेदहाला म्हाताऱ्याच्या दारात जाऊन 'काका, फोन विमानात टाका' म्हणणार हा.

---

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ११:०५

आहे!!! सगळा सप्ताह आहे. २४ तासांचे प्रहर, वाड्यांची नावं, पखवाजवाल्यांचे नंबरसुद्धा टिपेत.

काकांनी दार उघडलं, मी काही बोलायच्या आधीच 'कोण गेलं?' म्हणून विचारलं. समजवायला अर्धा तास लागला. फोन विमानात आहे. ओटीजी केबलने पेन ड्राइव्ह लावून कॅलेंडर आयसीएस फाईल म्हणून बाहेर काढलं. तिच्या तीन प्रती केल्या, एक काकींच्या डब्यात ठेवलीय.

सुशेगाद, मावशी, देव बरें करूं.

---

म्हालगडो | बुधवार, सकाळी ६:२०

आम्ही नाटकवाले. तालमीशिवाय प्रयोग लावत नाही. संहिता पाठ आहे असं नट सांगतो, त्यावर कोण विश्वास ठेवतो? उभा राहा आणि म्हणून दाखव. तुझी स्क्रिप्ट सात महिने 'पाठ आहे' म्हणत होती.

---

तिसरी_घंटा | बुधवार, सकाळी ७:००

म्हालगडो, लागलं. आता माझी स्क्रिप्ट दुरुस्त करायला कोणी मदत करेल का?

---

डब्यातला_डेटा | बुधवार, सकाळी १०:१२

माझं स्पष्ट मत: स्क्रिप्ट स्वतः लिहूच नये. नेक्स्टक्लाऊडच्या ऑल-इन-वन या तयार संचात बोर्ग हे बॅकअपचं साधन आतच बांधलेलं आहे. बटण दाबा, वेळ निवडा, रिस्टोअरलाही बटण. आपण हौशी लोक. चाक पुन्हा कशाला घडवायचं?

---

सुशेगाद_सर्व्हर | बुधवार, दुपारी ३:४०

डब्यातला_डेटा, नव्याने सुरू करणाऱ्याला मीही तेच सांगेन. पण याचं आधीचं वेगळं मांडलेलं आहे, आणि स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट मोडली तर कुठे मोडली ते वाचता येतं. आणि व्यावसायिक लोक फार शहाणे असतात असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसचंच फोल्डर पुसलं. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डम्प पोस्टग्रेस या त्यांच्या डेटाबेसच्या चुकीच्या आवृत्तीच्या आज्ञेने चालत होता आणि रोज पडत होता. पडल्याची पत्रंही मेल सर्व्हर परत लावत होता. शेवटी सहा तास आधी कोणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं. तिसरी_घंटा, तुझ्या कथेत आणि त्यांच्यात फक्त काका कमी.

आता स्क्रिप्ट. (रोमन टाकलं की इथला फिल्टर गिळतो, म्हणून देवनागरीत. हसू नका.)

सुरुवातीला 'सेट -ईयूओ पाइपफेल'. याने पाइपमधली कुठलीही आज्ञा पडली की स्क्रिप्ट तिथेच थांबते. ही एक ओळ असती तर २० बाइटची फाईल झाली असती, पण स्क्रिप्ट पुढे गेली नसती.

मग 'ओसीसी मेंटेनन्स:मोड --ऑन'. आणि लगेच 'ट्रॅप' लावून सांगायचं की स्क्रिप्ट कशीही संपो, सरळ किंवा आडवी, जाताना मोड ऑफ करूनच जायचं. हे विसरलास तर स्क्रिप्ट मध्येच मेली की सर्व्हर सकाळपर्यंत 'देखभाल चालू आहे' अशी पाटी लावून बसतो.

मग डम्प. 'मारियाडीबी-डम्प --सिंगल-ट्रान्झॅक्शन', अक्षरसंच यूटीएफ८एमबी४. नाहीतर देवनागरी वाचेल आणि इमोजींची प्रश्नचिन्हं होऊ शकतात, कारण आपलं एक अक्षर ३ बाइटचं, इमोजी ४ बाइटचा.

मग तपासणी. डम्पची शेवटची ओळ वाचायची, तिथे 'डम्प कम्प्लीटेड' असे शब्द असलेच पाहिजेत. नसतील तर बोंब मारायची. आणि कालच्या डम्पपेक्षा आजचा निम्म्याहून लहान असेल तरी बोंब.

मग डम्प, सेटिंगचं फोल्डर, फायली आणि डॉकरची मांडणी हे सगळं रेस्टिक नावाच्या साधनाने बॅकअप. ठेवायचे किती, तर रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे ६. जुने उडवायची आज्ञा नवा बॅकअप यशस्वी झाल्याशिवाय चालता कामा नये. तुझ्या स्क्रिप्टचं खरं पाप ते होतं. डम्प पडणं हा अपघात, पण चांगले जुने डम्प उडवणं हे तूच लिहिलं होतंस.

सगळ्यात शेवटी, शेवटच्या ओळीला, बाहेरच्या एखाद्या पहारेकऱ्याला 'मी जिवंत आहे' असा संदेश. ठरलेल्या वेळेत तो आला नाही की पहारेकरी तुला फोनवर कळवतो. उलट करू नकोस. 'बिघडलं की कळव' म्हणणारी स्क्रिप्ट मेली की कळवणार कोण?

---

ठाण्याची_सून | बुधवार, संध्याकाळी ५:१८

यात माझी भर. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह टाकलंत की क्रॉन त्याला नवी ओळ समजतो! फाईलच्या नावात तारीख घालायला मी 'डेट +%एफ' लिहिलं होतं. हाताने चालवलं की उत्तम, क्रॉनमध्ये टाकलं की काहीच नाही. दोन रविवार गेले. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ टाका किंवा ते सगळं स्क्रिप्टच्या आत लिहा.

---

काजूबी | बुधवार, संध्याकाळी ६:०१

आणि पहाटे ३ ला वीजच नसली तर? क्रॉन तो दिवस सोडूनच देतो ना?

---

सुशेगाद_सर्व्हर | बुधवार, संध्याकाळी ६:३०

काजूबी, तुम्ही ड्राइव्हवाले असून प्रश्न नेमका विचारलात. क्रॉन सोडून देतो. सिस्टिमडीचा (लिनक्समधलाच) टायमर घ्या, त्यात 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहिलं की चुकलेली पाळी मशीन सुरू झाल्यावर भरून काढतो. गोव्यात जून ते सप्टेंबर हाच घ्यावा.

---

काजूबी | बुधवार, संध्याकाळी ६:३३

विहीर खणायचा विचार करतोय :)

---

पणजेकर_२ | बुधवार, रात्री ८:५०

अवांतर: मूळ रोगावर कोणी बोलत नाहीये. गडगडाट. आमची आजी लांबवर आवाज आला तरी टीव्हीची पिन काढायची, अँटेनाची वायर खिडकीबाहेर टाकायची. आम्ही हसायचो. आजीचा टीव्ही बावीस वर्षं चालला.

फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण घरापासून गोठ्यापर्यंत कॅमेऱ्यासाठी तांब्याची लॅन वायर ओढली असेल तर ती अँटेनाच समजा. आणि अर्थिंग बघा. जांभ्या दगडाच्या जमिनीत उन्हाळ्यात खड्डा कोरडा ठणठणीत होतो. मी मे महिन्यात त्यात दर रविवारी दोन बादल्या पाणी ओततो. बायको म्हणते झाडं सुकली, हा लोखंडाला पाणी घालतोय.

---

आडसर | बुधवार, रात्री ९:०५

माझ्या यूपीएसमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. अंड्यांसकट. बॅकअप त्यांचा चालू होता.

---

तिसरी_घंटा | शुक्रवार, रात्री १०:२०

प्रगती. नवी एसएसडी आली, यूपीएस आला, नवी स्क्रिप्ट लिहिली. आता घराबाहेरची प्रत. पणजीला बहिणीकडे डिस्क ठेवायची आहे. माझा अपलोड ४० एमबीपीएस. पहिल्यांदा ६०० जीबी चढवायला किती वेळ?

---

मावशीचा_पासवर्ड | शुक्रवार, रात्री १०:३८

एकही झटका न बसता साधारण ३३ तास. पावसात? गणेश चवथीपर्यंत.

---

पणजेकर_२ | शुक्रवार, रात्री १०:४५

डिस्क पिशवीत घाल, फोंड्याला कदंबची बस पकड. तासाभरात ६०० जीबी म्हणजे १,३०० एमबीपीएसच्या वर. एवढी स्पीड कोणी देत नाही, शिवाय खिडकीतून हवा. पहिली प्रत अशी न्यायची, मग रोजचा फरक तेवढा तारेवरून.

---

सुशेगाद_सर्व्हर | शुक्रवार, रात्री ११:०२

+१. फक्त बहिणीकडची डिस्क माउंट झालीय (म्हणजे मशीनला जोडलेली दिसतेय) का हे स्क्रिप्टला आधी विचारू दे, 'माउंटपॉइंट -क्यू' ने. नाहीतर डिस्क निघालेली असताना ६०० जीबी बहिणीच्या मशीनच्या मुख्य डिस्कवर ओतायला लागेल आणि रक्षाबंधनाला ओवाळणीत तुलाच शिव्या. याच्या उलट अनर्थ म्हणजे मूळ डिस्क माउंट नसताना आरसिंक --डिलीट चालणं. त्याला रिकामं घर दिसतं आणि तो बॅकअपही रिकामा करतो.

---

ठाण्याची_सून | शनिवार, दुपारी १२:१०

मराठी फाईलनावांबद्दलही सावध राहा. मी आरक्लोन नावाच्या साधनातल्या क्रिप्टने नावांसकट कुलूपबंद करून क्लाऊडवर टाकते. तिथे साधारण १४३ बाइटपर्यंतचं नाव निर्धास्त चालतं, कारण कुलूप लागल्यावर नाव फुगतं. इंग्रजीत १४३ अक्षरं म्हणजे परिच्छेद झाला. देवनागरीत प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-मात्रा-हलन्त वेगळे. म्हणजे पुरती पन्नास चिन्हंही मिळत नाहीत. सासऱ्यांनी एका फोटोला नाव दिलं होतं, 'कालोत्सवातल्या नाटकाच्या दुसऱ्या अंकातला दरबाराचा प्रवेश'. मोजलं, १५८ बाइट. गेला नाही.

---

म्हालगडो | शनिवार, दुपारी १२:४०

सासरे बरोबर आहेत, संगणक चुकीचा आहे.

---

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ११:३०

मंडळी, आज रंगीत तालीम केली. खरीखुरी. मित्राचा लॅपटॉप आणला, त्यावर काहीच नव्हतं, आणि बहिणीकडच्या डिस्कवरून शून्यापासून सगळं उभं केलं. नेटवरून तोडून, म्हणजे खऱ्या सर्व्हरशी भांडण नको. आवृत्ती तीच, डम्प चढवला, फायली ठेवल्या, फिंगरप्रिंटची आज्ञा दिली. २ तास ५० मिनिटं. त्यातली वीस मिनिटं रेस्टिकचा पासवर्ड शोधण्यात, कारण तो मी नेक्स्टक्लाऊडच्या पासवर्ड अ‍ॅपमध्ये ठेवला होता. हो, त्याच सर्व्हरवरच्या. बोला काय बोलायचं ते. आता कागदावर लिहून बहिणीच्या कपाटात आहे.

पण एक भुताटकी झाली. मध्यंतरी फोटोग्राफर मित्राच्या जुन्या मॅकवरून काही फोल्डर आरसिंकने थेट डेटाच्या डिस्कवर आणले होते. स्कॅन केल्यावर 'पहिल्या अंकाचे फोटो' दिसतं. 'दुसऱ्या अंकाचे फोटो' नाही. 'तिसऱ्या अंकाचे फोटो' नाही. डिस्कवर बघितलं तर तिन्ही आहेत. स्कॅन म्हणतो, इनकम्पॅटिबल एन्कोडिंग. पहिला अंक चालतो, दुसरा-तिसरा चालत नाही, हे नाटकात ऐकलंय, संगणकात प्रथमच.

---

आडसर | रविवार, रात्री ११:३४

कथानक दुसऱ्या अंकात सैल पडतं, जुनी तक्रार आहे.

---

ठाण्याची_सून | सोमवार, सकाळी ८:१५

'ऱ'! दुसऱ्या, तिसऱ्या. पहिल्यात तो नाही.

हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अख्खं चिन्ह, किंवा साधा 'र' आणि खाली नुक्ता. डोळ्याला दोन्ही सारखेच. जुन्या मॅकची फाइलसिस्टिम नावं सुटी करून ठेवते, नेक्स्टक्लाऊडला जोडलेली लागतात. 'कॉन्व्हएमव्ही' नावाचं साधन आहे, त्याला '--एनएफसी' सांगून नावं जोडून घ्या. आधी नुसतं चालवा, तेव्हा ते काय बदलेल एवढंच दाखवतं. पटलं की '--नोटेस्ट' लावून पुन्हा. आणि मग परत स्कॅन.

---

सुशेगाद_सर्व्हर | सोमवार, सकाळी ८:४०

ताई, साष्टांग. वीस वर्षं या धंद्यात आहे, हे मला माहीत नव्हतं.

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ९:१५

चाललं. दुसरा आणि तिसरा अंक रंगमंचावर. ११२ फोटो, त्यात माझ्या वडिलांचा स्त्री-पार्टातला एक, जो घरात कोणी पाहिलेलाच नव्हता. आई बराच वेळ स्क्रीन धरून बसली होती.

---

मावशीचा_पासवर्ड | सोमवार, रात्री ९:२२

टाका की इथे!

---

तिसरी_घंटा | सोमवार, रात्री ९:३०

आई नको म्हणते. शेअर करायचा असेल तर आधी तिला विचारायचं, असा नवा नियम झालाय घरात.

---

काजूबी | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०:०५

धागा वर काढतो. सप्ताह झाला का? आणि मूळ प्रश्न राहिलाच, रिस्टोअर किती दिवसांनी करून बघायचा? विचारतोय कारण मी एक जुना लॅपटॉप पुसून ठेवलाय. कोणी हसू नये.

---

सुशेगाद_सर्व्हर | रविवार, सकाळी १०:४०

कोणी हसत नाही. (आडसर, गप्प.) मी तीन महिन्यांनी पुरा करतो, आणि मोठा अपडेट केल्याच्या दुसऱ्या दिवशी न चुकता. मधल्या काळात दर रविवारी रेस्टिकला त्याच्याच साठ्यातला पाच टक्के भाग वाचून तपासायला लावतो. आणि महिन्यातून एकदा डोळे मिटून एक फाईल निवडतो, ती परत आणतो, उघडून बघतो. दोन मिनिटांचं काम.

---

तिसरी_घंटा | रविवार, दुपारी ४:५०

सप्ताह उत्तम झाला. पहाटे ३ चा प्रहर आमच्या वाड्याचा होता, बरोबर बॅकअपच्या वेळेला. समईकडे बघत झांज वाजवत होतो, खिशात फोन एकदा थरथरला. पहारेकऱ्याचा निरोप असेल म्हणून घाम फुटला. बायकोचा होता, छत्री विसरलास म्हणून.

मी तारखा ठरवल्यात: चवथीनंतर एक तालीम, नाटकांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एक, आणि मे महिन्यात पाऊस यायच्या आत एक.

फक्त काकांचा प्रश्न उरलाय. नवा सर्व्हर सुरळीत आहे, कॅलेंडर परत जोडून देतो म्हणून तीनदा गेलो. फोन द्यायला तयार नाहीत. 'गावचा सप्ताह माझ्या फोनात आहे, तू परत घालवशील' म्हणतात. फोन अजून विमानातच. मुलगी दुबईहून लँडलाइनवर फोन करते.